मुखपृष्ठ उलटा, मग बोलू

प्रश्न : मी नागपुरात मनीषनगरला राहते, बँकेत नोकरी करते. कॉलेजात असताना भरपूर वाचायची, मग पंधरा-वीस वर्षं सगळं सुटलं. आता मुलगी होस्टेलला गेली आणि पुन्हा वाचायला घेतलंय. पण दुकानात गेलं की तीच दहा पुस्तकं पुढे मांडलेली असतात आणि मोबाइलवर सगळंच 'अवश्य वाचा' असतं. नवीन, अनुवादित आणि जुनी पुन्हा छापलेली, यांतली वाचण्याजोगी पुस्तकं शोधायची कशी? आतापर्यंत तीनदा पैसे वाया गेले.

उत्तर :

ताई, पैसे गेल्याचं मला सांगूच नका. मी एकतीस वर्षं नागपुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते, पुस्तकं निवडायचं काम माझ्याकडे होतं. तुम्ही स्वतःच्या पैशांनी तीनदा फसलात. मी सभासदांच्या वर्गणीच्या पैशांनी किती वेळा फसले, ते मोजणं कधीच सोडून दिलंय. त्यातला एक किस्सा आधी सांगते, कारण या विषयातली माझी अक्कल तिथून सुरू होते.

मार्च महिना होता. वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं आणि त्यातला पुस्तकखरेदीचा वाटा ३१ मार्चच्या आत खर्ची पडलेला दिसावा लागतो. त्यामुळे मार्चात पुरवठादार याद्या घेऊन दारात उभे असतात आणि ज्याची सूट मोठी त्याची यादी आधी मंजूर होते. अशाच एका यादीतून एक रशियन कादंबरी आली. देखणं मुखपृष्ठ, जाड कागद, आत 'प्रथम आवृत्ती' असं छापलेलं. मी ती दाखल नोंदवहीत चढवली, शिक्का मारला, तारखेची पट्टी चिकटवली आणि नव्या पुस्तकांच्या रॅकवर ठेवली. धंतोलीतले एक निवृत्त मास्तर ती घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. "मॅडम, हे वाचलेलं आहे माझं. अन् तेव्हा हे याच्या दुप्पट होतं."

जुनी नोंदवही काढली. तीच कादंबरी सत्तरच्या दशकात दाखल झालेली होती. माळ्यावरून प्रत उतरवली, धूळ झटकली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. पहिला परिच्छेद शब्दाला शब्द सारखा. जुनी प्रत चारशेच्या वर पानांची, नवी दोनशेच्या आत आणि तीही मोठ्या टायपात. मधली अख्खी प्रकरणं गायब. आणि जुन्या प्रतीत शीर्षकाखाली ठळक असलेलं अनुवादकाचं नाव नव्या प्रतीत कुठेच नाही. प्रकाशकाला पत्र टाकलं, उत्तर यायचं नव्हतंच.

चूक माझीही होती. मी मुखपृष्ठ पाहिलं, मलपृष्ठावरचा मजकूर वाचला आणि मधलं एक पान पाहायचं राहिलं. शीर्षकाचं पान उलटलं की डाव्या हाताला येतं ते, बारीक अक्षरांचं, जिथे प्रकाशकाचा पत्ता, आवृत्ती, मुद्रकाचं नाव वगैरे असतं. बहुतेक वाचक ते ओलांडून थेट अर्पणपत्रिकेवर जातात. त्या दिवसापासून मी पुस्तक हातात घेतलं की आधी तेच पान उघडते. तुम्हीही ही सवय लावून घ्या. पुस्तकाच्या नावामागे धावत बसण्यापेक्षा ते कुणाच्या हातून इथवर आलं, हे बघायचं. कुणी निवडलं, कुणी मराठीत आणलं, कुणी पुन्हा छापलं आणि का. ते हात ओळखीचे झाले की पुढचं पुस्तक तेच हात दाखवतात.

अनुवाद

अनुवादित पुस्तकात त्या पानावर चार गोष्टी हव्यात : मूळ पुस्तकाचं नाव, मूळ भाषा, मूळ प्रकाशनाचं वर्ष आणि अनुवादकाचं नाव. शिवाय 'अनुवाद' लिहिलंय, 'रूपांतर' लिहिलंय, 'स्वैर अनुवाद' की 'संक्षिप्त' हेही बघा. हे सगळे शब्द प्रामाणिक आहेत, प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. संक्षिप्त असेल आणि तसं छापलेलं असेल तर माझी तक्रार नाही, प्रवासात बरं पडतं. न सांगता कापलेलं असलं की संताप येतो. मूळ भाषा फ्रेंच किंवा जपानी असेल आणि अनुवाद इंग्रजीवरून केलेला असेल तर तेही लिहिलेलं असावं. इंग्रजीवरून केला म्हणजे वाईट असं मुळीच नाही, पण दोन गाळण्यांतून आलेला चहा आहे हे पिणाऱ्याला ठाऊक असावं. थेट मूळ भाषेतून केलेली भाषांतरं चाखायची असतील तर पुण्याचं 'केल्याने भाषांतर' हे नियतकालिक आहे. वेगवेगळ्या परदेशी भाषा शिकलेल्या लोकांनी केलेले अनुवाद त्यात येतात. एखादी कथा आवडली की त्या लेखकाचं नाव डायरीत टिपायचं.

आता अनुवाद बरा आहे का, हे दुकानात उभ्याउभ्या कसं कळणार? पहिलं पान वाचू नका. पहिलं पान सगळेच घासूनपुसून देतात, संपादकाचाही उत्साह तिथे ताजा असतो. पुस्तक मधून उघडा, शंभराव्या पानाच्या आसपास, आणि जिथे दोन माणसं बोलताहेत अशी जागा शोधा. मग बघा, नवरा-बायको, मालक-नोकर, आजी-नातू एकमेकांशी कसे बोलतात. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम. मराठीत आणताना 'तू' की 'तुम्ही' की 'आपण' हे अनुवादकाला ठरवावं लागतं आणि ते ठरवताना त्याने माणसं समजून घेतलीत की नाही हे तिथे उघडं पडतं. पोलीस चोराला 'आपण कुठे होतात?' विचारत असेल तर पुस्तक ठेवून द्या.

माझी दुसरी खूण 'त्याचा'ची आहे. 'त्याने त्याचा चष्मा काढला आणि त्याच्या रुमालाने त्याचे डोळे पुसले.' असं वाक्य दिसलं की समजायचं, अनुवादक इंग्रजी वाक्य समोर ठेवून शब्द बदलत गेलाय. मराठी माणूस चष्मा काढतो आणि डोळे पुसतो, रुमाल कुणाचा ते विचारत नाही. 'तिने खांदे उडवले' हे एकदा चालेल. दर दोन पानांनी खांदे उडायला लागले की मला त्या बाईच्या सांध्यांची काळजी वाटते.

या परीक्षेत जे पास होतात, त्यांची नावं लक्षात ठेवायची आणि लेखकासारखी त्यांची पुस्तकं मागायची. उमा कुलकर्णी हे नाव तुम्हाला कॉलेजपासून माहीत असेल. भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या मराठी घरांत पोचल्या त्या मुख्यतः त्यांच्यामुळे. त्यांच्या कामाची पद्धत मोठी गमतीची आहे. यजमान विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून दाखवतात आणि उमाताई ऐकून मराठीत लिहितात. म्हणजे मजकूर डोळ्यांआधी कानातून जातो. त्यांचे संवाद बोलल्यासारखे वाटतात, यात या पद्धतीचा वाटा असणार असं मला वाटतं. भैरप्पा वाचून झाले असतील तर 'उमा कुलकर्णींनी आणखी कुणाला आणलंय?' असं दुकानदाराला विचारा. एका नावावरून तुम्ही कन्नडमधल्या चार-पाच लेखकांपर्यंत जाल.

दुसरी वाट मला स्वतःला जास्त आवडते. जो मराठी लेखक तुम्हाला जवळचा आहे, त्याने कुणाचा अनुवाद केलाय ते शोधायचं. मोठे लेखक पोटासाठी अनुवाद करतात तसे प्रेमापोटीही करतात. दुर्गाबाई भागवतांनी थोरोचं वॉल्डन 'वॉल्डनकाठी विचारविहार' म्हणून मराठीत आणलं. जी. ए. कुलकर्णींनी कॉनराड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराची 'रान', 'शिवार', 'गाव' अशी कादंबरीत्रयी केली. जंगल तोडून वस्ती कशी उभी राहते याची ती गोष्ट आहे आणि जीएंच्या कथा पाठ असलेल्या कितीतरी वाचकांना ही पुस्तकं आहेत हेच माहीत नसतं. पुलंनी हेमिंग्वेचा म्हातारा कोळी 'एका कोळियाने'मध्ये मराठी केला. तो अनुवाद मला पुलंच्या विनोदी पुस्तकांइतका जवळचा नाही, पण शब्द किती मोजून वापरलेत ते बघण्यासाठी वाचाच.

साहित्य अकादमीने १९८९पासून अनुवादासाठी वेगळे पुरस्कार सुरू केले, तेही दरवर्षी भाषेगणिक. त्याची यादी ही माझी हक्काची चिठ्ठी होती. मूळ लेखनाच्या पुरस्कारांवर वर्तमानपत्रांत रकाने भरून येतात, अनुवादाच्या पुरस्काराची बातमी चार ओळींत आटोपते. म्हणून ती कापून ठेवायची. अकादमी आणि १९५७ साली स्थापन झालेला नॅशनल बुक ट्रस्ट या दोघांची भारतीय भाषांमधून मराठीत आलेली पुस्तकं स्वस्त असतात. कागद-छपाई साधी असते, मुखपृष्ठं तर बहुतेक कंटाळवाणी, त्यामुळे दुकानात दर्शनी भागात कधीच नसतात. आत जाऊन मागावी लागतात.

नागपूरकरांची सोय

एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या वाचकाला सहसा मिळत नाही आणि आपण ती फुकट घालवतो. आपल्याला हिंदी येतं. सिनेमातलं नव्हे, वाचता येण्याइतकं. १९५६पर्यंत हे शहर हिंदी-मराठी दोन्ही भाषांच्या मध्य प्रांताची (पुढे मध्य प्रदेशाची) राजधानी होतं, ते काही उगाच नाही. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे आणि त्याच चौकात मोर भवनात विदर्भ हिंदी साहित्य संमेलन. रस्ता ओलांडला की भाषा बदलते. मुक्तिबोध हे मराठी घरातले. गजानन माधव हिंदीत लिहीत राहिले, धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत, आणि दोघांच्याही आयुष्याचा मोठा तुकडा नागपुरात गेला. एकाच घरातले दोन कवी दोन भाषांत वाचायची सोय आपल्याला आहे. तेव्हा हिंदीतलं पुस्तक मराठी अनुवादात शोधत बसू नका, मूळच घ्या. बंगाली, उर्दू, पंजाबीतलं बरंचसं हिंदीतही येतं आणि मराठीपेक्षा अनेकदा आधी येतं. मराठीत नाही मिळालं तर तिकडे बघा.

याचं एक उदाहरण दसऱ्याला दीक्षाभूमीवर दिसतं. तुम्ही गेला असालच. नसाल गेला तर या वर्षी पुस्तकांसाठी जा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ताडपत्र्या टाकून दुकानं लागतात, मराठी-हिंदी-इंग्रजी सगळं एकमेकांना खेटून. लांबून आलेल्या बाया डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवतात, पदराची गाठ सोडून पैसे काढतात आणि पुस्तक घेतात. एका वर्षी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या दोन प्रती हातात घेतल्या, एक मराठी, एक हिंदी. दुकानदार म्हणाला, "आजी, दोन्ही एकच होय." आजी म्हणाल्या, "माहीत आहे मले. ही माह्या पोरासाठी, अन् ही सुनेसाठी. ते रायपूरची होय."

मूळ इंग्रजी ग्रंथ बाबासाहेबांच्या निधनानंतर १९५७ साली आला. मराठी अनुवाद घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस आणि शां. शं. रेगे यांचा. हिंदी अनुवाद भदंत आनंद कौसल्यायन यांचा, आणि त्यांनी नुसती भाषा बदलली नाही. ग्रंथातले प्रसंग आणि वचनं पाली साहित्यात कुठे आहेत ते शोधून त्याचे संदर्भ जुळवले. मूळ पुस्तकाला अनुवादकाने दिलेली ही भर आहे. तेव्हापासून मी अनुवादाच्या तळटीपा आधी चाळते. जिथे अनुवादकाने टीप द्यायचे कष्ट घेतलेत, तिथे बाकीचेही कष्ट घेतलेले असतात.

शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंडही तिथे घेतले जातात. १९७९पासून निघालेल्या या खंडांचे संपादक वसंत मून हे आपल्या नागपूरचेच. त्यांचं 'वस्ती' हे आत्मकथन आहे, नागपुरातल्या वस्तीत गेलेल्या बालपणाचं. गेल ऑम्वेट यांनी ते इंग्रजीत नेलं, २००१ साली. माझ्या बहिणीच्या मुलीने ते बंगळूरला इंग्रजीत वाचलं आणि मला फोन केला, "मावशी, तुमच्या नागपूरवर एक जबरदस्त पुस्तक आलंय." मी म्हटलं, बाळा, ते आमच्याकडे मराठीत १९९५पासून आहे. ती गप्प. मग मीही गप्प झाले, कारण मी तरी तिला ते कधी दिलं होतं?

म्हणून हेही एक साधन समजा : मराठीतलं काय इंग्रजीत जातंय ते बघत राहायचं. दया पवारांचं 'बलुतं' १९७८चं, ग्रंथालीने काढलेलं. जेरी पिंटो यांनी ते २०१५ साली इंग्रजीत नेलं. बाबूराव बागुलांच्या १९६३च्या कथासंग्रहाचा पिंटोंनीच केलेला इंग्रजी अनुवाद २०१८ साली आला. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा अखंड अनुवाद शांता गोखल्यांनी २०१७ साली केला. एवढे जाणते अनुवादक ज्यासाठी वर्ष-दोन वर्षं देतात, ते आपल्या कपाटात मूळ भाषेत असतं. तुमच्या मुलीला इंग्रजी प्रत द्या, तुम्ही मराठी घ्या आणि सुट्टीत ती घरी आली की भांडा.

जुनं, पुन्हा छापलेलं

इथे फसवणूक सगळ्यात जास्त होते, आणि खजिनाही इथेच आहे.

आधी 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' यांतला फरक. मजकुरात काही बदल, भर किंवा दुरुस्ती झाली तर नवी आवृत्ती. तेच पुन्हा छापलं तर पुनर्मुद्रण. आपल्याकडे प्रकाशक दोन्हीला आवृत्तीच म्हणतात, 'सातवी आवृत्ती' म्हटलं की दबदबा वाटतो ना! त्या आकड्यावरून पुस्तक किती खपलं हेही कळत नाही, कारण एका आवृत्तीत तीनशे प्रती आहेत की तीन हजार, हे क्वचितच छापलेलं असतं. तुम्ही फक्त पहिल्या आवृत्तीचं साल बघा. ते साल मुळीच दिलेलं नसेल आणि लेखक वारून साठ-सत्तर वर्षं झाली असतील तर सावध व्हा.

कारण कायदा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो, त्याची मोजणी मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून होते. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून १ जानेवारी २०११पासून 'श्यामची आई' कुणीही छापू शकतं. आणि कुणीही छापलं. काही प्रती नीट आहेत, काहींत मुद्रितशोधन झालेलंच नाही. एका प्रतीत मला एका पानावर सात चुका सापडल्या. लहान मुलाच्या हाती ती प्रत गेली तर त्याला वाटेल, मराठी असंच लिहितात. असं मुक्त झालेलं पुस्तक घेताना दोन प्रकाशकांच्या प्रती शेजारी ठेवून एकच पान दोन्हींत वाचा. पन्नास रुपये वाचवायला जाऊ नका.

अनुवादाला मात्र स्वतंत्र हक्क असतो. मूळ लेखक मुक्त झाला म्हणून त्याचा कालपरवा केलेला अनुवाद फुकट होत नाही. मास्तरांच्या हाती लागलेल्या त्या रशियन कादंबरीतून अनुवादकाचं नाव का गायब झालं असेल, याचा अंदाज तुम्हाला आता येईल.

चांगलं पुनःप्रकाशन कसं असतं, त्याची दोन उदाहरणं देते. पहिलं आपल्या विदर्भातलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात छापलं. त्या काळी बाईने पुरुषांना इतकं सडकून विचारलेलं कुणाला झेपणार? पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते शोधून प्रस्तावनेसह पुन्हा छापलं आणि आज ताराबाईंचं नाव घेतल्याशिवाय स्त्रीवादाची चर्चा पुढे जात नाही. जवळजवळ शतकभर जे पुस्तक नव्हतंच, ते एका संशोधकामुळे आहे. प्रस्तावना वाचायचा कंटाळा करू नका म्हणते ते याचसाठी. हे पुस्तक हरवलं कसं आणि सापडलं कसं, ते प्रस्तावनेतच कळतं.

दुसरं, गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. वरसईचा एक भिक्षुक दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेला निघतो आणि १८५७च्या धुमाळीत सापडतो, झाशीच्या वेढ्यात राणीच्या शहरात अडकतो. हे पुस्तक १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी प्रसिद्ध केलं, पण छापताना भाषेवर हात फिरवला, मजकुरात फेरफार केले. गोडसेंच्या मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली छापला. म्हणजे 'माझा प्रवास' नावाची दोन पुस्तकं बाजारात फिरतात म्हणा ना. दुकानात नुसतं नाव सांगून मागितलंत तर कुठलं मिळेल सांगता येत नाही. संपादक कोण, पाठ कुठला, हे त्या डावीकडच्या पानावर किंवा निवेदनात बघा. वैद्यांचं वाचायला सरळ जातं. मी मात्र म्हणेन, मूळ पाठ घ्या. भटजी जेवणाची वर्णनं करायला लागले की त्यांच्या स्वतःच्या भाषेतच मजा आहे.

जुनं पुस्तक नव्याने अक्षरजुळणी करून छापलं की आणखी एक प्रश्न येतो, शुद्धलेखनाचा. १९६२चे नियम येण्याआधीच्या मराठीत 'नाहीं', 'होतें', 'कांहीं' असे अनुस्वार असत. काही प्रकाशक ते काढतात, काही ठेवतात. सर्वसाधारण वाचनासाठी काढलेले बरे, डोळ्यांना अडत नाहीत. पण काढले असतील तर तसं निवेदनात सांगितलेलं असावं. अर्धे काढलेले आणि अर्धे राहिलेले दिसले तर प्रूफं कुणी वाचलेलीच नाहीत.

पैसे न घालता जुनं वाचायचं असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर शेकड्याने पुस्तकं मोफत आहेत. १९६०पासून मंडळ ग्रंथ काढतंय, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले अध्यक्ष. छापील प्रती हव्या असतील तर सिव्हिल लाइन्सला शासकीय ग्रंथागार आहे. किंमत पाहून तुम्हाला छापण्यात चूक झाली असं वाटेल. कार्यालयीन वेळ बघून जा आणि सुटे पैसे न्या.

आता नवीन

यावर थोडक्यात सांगते, कारण नव्या पुस्तकाबद्दल ठामपणे बोलणारा माणूस मला जरा संशयास्पदच वाटतो.

दिवाळी अंक विकत घ्या, पण लेखक बघून. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा अंक काढला तेव्हापासून मराठी लेखक आपलं ताजं लेखन दिवाळीला देतात. पुढे येणाऱ्या कादंबऱ्यांचे तुकडे अंकात आधी दिसतात. एखादं अनोळखी नाव आवडलं तर वर्ष-दीड वर्षाने त्या नावाचं पुस्तक येतं का, यावर लक्ष ठेवायचं. तुम्ही तेव्हा पहिल्या वाचकांपैकी असता, मजा येते. वर्षभरासाठी 'ललित' मासिक लावा. १९६४पासून ते पुस्तकांनाच वाहिलेलं आहे. 'साधना' साप्ताहिकात पुस्तकांवर जरा लांब, भांडून लिहिलेलं येतं. परीक्षण वाचताना मी एकच बघते : लिहिणाऱ्याने पुस्तकातला एखादा तरी उतारा दिलाय का आणि एखादी तरी खोट काढली आहे का. दोन्ही नसेल तर ते परीक्षण नाही, ती ओळखीपोटी दिलेली पोच आहे. प्रकाशन समारंभाचं तर बोलूच नका. तिथे पाहुण्यांनी बऱ्याचदा प्रस्तावनाच वाचलेली असते.

पुरस्कारांपैकी अकादमीचा युवा पुरस्कार बघत जा, २०११पासून पस्तिशीच्या आतल्या लेखकांना देतात. २०२४ साली मराठीत तो देविदास सौदागर यांच्या 'उसवण'ला मिळाला. लेखक स्वतः शिवणकाम करणारे. तयार कपड्यांनी शिंप्याचं दुकान कसं बसतं, ते आतून लिहिलंय. छोटी कादंबरी आहे, वीस वर्षांनी वाचनाकडे परतणाऱ्या माणसाला झेपेल अशी.

प्रकाशनपूर्व सवलतीच्या जाहिराती येतील. लेखक आणि प्रकाशक दोन्ही ओळखीचे असतील तरच पैसे भरा.

दुकान आणि वाचनालय

बर्डीवर विजय प्रकाशन आहे, साहित्य प्रसार केंद्र आहे. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत तुमच्याशी कोण बोलणार? आठवड्यातल्या दुपारी जा, उन्हाळा असेल तर तेवढाच कूलर. 'नवीन काय आलं?' असं विचारलंत तर समोरची तीच दहा पुस्तकं दाखवतील. त्यांचाही धंदा आहे. 'गेल्या वर्षी आलेलं, तुम्हाला आवडलेलं, पण खपलं नाही असं काही आहे का?' असं विचारून बघा. दुकानदार तुमच्याकडे नीट बघेल, मग आतल्या कपाटाकडे वळेल. हा प्रश्न मी अनेक दुकानांत विचारला आहे आणि रिकाम्या हाताने क्वचितच परत आले.

आणि ताई, वाचनालय लावा. महाल भागात राष्ट्रीय वाचनालय आहे, साहित्य संघाचं ग्रंथालय आहे, तुमच्याकडे जवळपासही एखादं असेल. आत गेल्यावर कपाटांकडे जाण्याआधी देवघेवीच्या टेबलावर बघा. आज परत आलेली, अजून जागेवर न लावलेली पुस्तकं तिथे ढिगाने पडलेली असतात. लोक खरोखर काय वाचताहेत ते त्या ढिगात दिसतं. मग शेवटचं पान उघडा, तारखांची पट्टी बघा. रॅकवर नवंकोरं दिसणारं पुस्तक पाच वर्षांत एकदाच गेलेलं असतं आणि तेही पाच दिवसांत परत आलेलं. त्याउलट कुठलंसं मळकं, बाइंडिंग केलेलं पुस्तक असतं, त्याच्या पट्टीवर दुसरी पट्टी, तिच्यावर तिसरी.

आमच्याकडे उद्धव शेळक्यांच्या 'धग'ची प्रत तशी होती. १९६०ची कादंबरी, कौतिक नावाच्या बाईची. पट्ट्यांवर पट्ट्या चिकटवून मागचा पुठ्ठा फुगला होता. मधेच कधीतरी कुणीतरी पेन्सिलीने समासात 'रडू नये' असं लिहून ठेवलं होतं आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात 'जमलं नाही'. पुस्तकांवर लिहिणाऱ्यांना मी दंड करायची, ते दोन शब्द मात्र खोडले नाहीत. निवृत्त झाले तेव्हा ती प्रत बादच्या यादीत निघाली होती, ठरलेली रक्कम भरून मी ती घरी आणली.

सुरुवात तिथूनच करा हवी तर. कोरी प्रत दुकानात मिळेल, साल आणि प्रकाशक बघून घ्या. संवाद वऱ्हाडी आहेत. पहिली वीस-पंचवीस पानं अडलं तर मोठ्याने वाचा. तुम्ही माहेरच्या कुठल्या ते लिहिलं नाहीत. अमरावती-वर्ध्याकडच्या असाल तर तेही करावं लागणार नाही.